निरोप घेतलात ना?

वहिनी,

पेपरात तुझी बातमी आली. कोपऱ्यात, चार ओळी, खाली गाद्यांच्या दुकानाची भलीमोठी जाहिरात. 'बोटीवरील कँटीनच्या माजी चालक व सर्वांच्या लाडक्या वहिनी यांनी अल्पशा आजारानंतर जगाचा निरोप घेतला.' अगं, दुनियेत दुसरे शब्द काय कमी होते? वारल्या म्हणा, गेल्या म्हणा. सरळ 'मेल्या' म्हटलं असतं तरी मला चाललं असतं. पण नाही. ज्या दोन शब्दांनी तुझं वाटोळं केलं तेच नेमके तुझ्या बातमीत. लिहिणारा तुझा भाचा. त्याला काय माहीत? त्याला वाटलं, भाषा जरा भारदस्त हवी.

आणि म्हणे 'सर्वांच्या लाडक्या'! तुझ्या दारात किती वर्षांत कुणी फिरकलं नव्हतं, ते मला विचार. मी नणंद. नणंदेनं भावजयीबद्दल गोड लिहावं अशी कुणाची अपेक्षा नसते, ते एक बरं. तेव्हा जे झालं ते सरळ लिहून टाकते. 'तू' म्हणत लिहिलं तर मध्येच भांडायला लागेन, म्हणून इथून पुढे तू म्हणजे 'ती'. रागावू नकोस.

*

ती बोट किनारा धरून जायची. सकाळी इथल्या धक्क्यावरून निघाली की दिवेलागणीला शेजारच्या देशात पोचायची, एक दिवस तिथे थांबायची आणि परत. आठवड्याला एक फेरी. जाताना दिवसभर उजव्या हाताला जमीन दिसत राही. मिठागरं, वीटभट्ट्यांची धुरांडी, एक दीपगृह, मग चुना फासलेला एक खडक. त्या खडकाशी एक देश संपे आणि दुसरा सुरू होई. पाण्याला त्याचा पत्ता नव्हता. कंपनीनं बोटीला काहीतरी राजेशाही नाव दिलं होतं, पण सगळे तिला 'म्हातारी'च म्हणत. खोकत खोकत चालायची, पण बंद कधी पडली नाही.

वहिनीचा नवरा, म्हणजे दादा, या म्हातारीच्या इंजिनात तेल घालायला होता. लोखंडी जिन्यावरून घसरला आणि कंबरेतून गेला तो कायमचाच. कंपनीनं भरपाई म्हणून त्याच्या बायकोला बोटीवरचं चहाचं कँटीन दिलं. दादानं याबद्दल तिला आयुष्यभर माफ केलं नाही. "माझी कंबर गेली नि हिला बोट मिळाली," असं तो खाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. येणारे-जाणारे हसायचे. वहिनीही हसायची. तिला हसायची वाईट खोड होती. जिथे माणसानं फाडकन बोलायला हवं तिथे ती हसायची.

कँटीन म्हणजे जिन्याखालची सांदड. पत्र्याचा ओटा, त्याला बोटभर उंच कड, बोट डोलली तरी किटली घसरू नये म्हणून. दोन स्टोव्ह, आकड्यांना टांगलेले कप, मागे साखरेची पोती. माणसानं वळायचं ठरवलं तर आधी पोट आत घ्यावं लागे. तिथे उभी राहून तिनं अर्धं आयुष्य चहा उकळला. खलाशांपासून कप्तानापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत. कप्तान तिच्याहून बराच मोठा होता, तरी वहिनीच.

त्या काळात दोन देशांचं पटत नव्हतं. पटत नव्हतं म्हणजे लढाई नव्हती, नुसती सासू-सुनेसारखी धुसफूस. पत्रं फोडून वाचली जात. फोनवर आपण बोलायला लागलो की तिसऱ्याच कुणाचा तरी श्वास ऐकू येई. आणि घरं तर दोन्हीकडे वाटली गेलेली. बहीण इकडे, भाऊ तिकडे. मग लोक वहिनीला निरोप सांगू लागले. तोंडी. चहा घेता घेता, नाहीतर बोट सुटायच्या आधी धक्क्याच्या जाळीतून. "वहिनी, माझ्या भावाला एवढं सांगा." ती किटली खाली ठेवून ऐकायची, स्वतःच्या तोंडानं परत म्हणून दाखवायची, मगच पुढच्या माणसाकडे बघायची. पलीकडे उतरली की गल्ल्या पालथ्या घालत दारोदार जाऊन निरोप सांगायची. आणि सांगून झाल्यावर दारातून हलायची नाही. विचारायची, "निरोप घेतलात ना?" पोस्टमन सही घेतो तशी. समोरचा माणूस "घेतला" म्हणाला की मगच जिना उतरायची. आणि इथे परत येऊन जाळीतून सांगायची, "तुमच्या भावानं निरोप घेतला हो." तेवढं ऐकायला लोक कामावरून सुटून धावत यायचे.

हे सगळं फुकट. दादा म्हणायचा, "जगाची टपाल पेटी झालीय नि घरात पाण्याचा तांब्या मिळत नाही."

निरोपात ती भर घालायची, हे मात्र खरं. कुणी सांगितलं, "त्याला म्हणावं, तुझं थोबाड बघायचं नाही मला," तर पलीकडे जाऊन ती सांगणार, "त्यांना तुमची आठवण येते, पण सध्या जरा थांबा." तिला बजावून झालं होतं की हा निरोप नव्हे, ही तुझ्या पदरची भर आहे. त्यावर तिचं उत्तर तयार. "चहात साखर घालतेच ना मी? बिनसाखरेचा मागणारा अजून भेटला नाही मला."

आणि बोटीवरची भाषा तर आणखी वेगळी. समुद्रावर काही शब्द उच्चारायचे नाहीत, असा खलाशांचा जुना दंडक. सूर्य बोटीवर कधी बुडायचा नाही, कलायचा. साखर संपायची नाही, वाढायची. कप फुटला तरी तो वाढलाच, बांगडीसारखा. आणि माणूस मरायचा तर नाहीच. बोटीवर माणूस 'निरोप घेतो'. वहिनीच्या जिभेला इतक्या वर्षांत हेच वळण पडलं होतं. घरी दूध नासलं तरी ती ते "वाढलं" म्हणायची आणि दादा कपाळाला हात लावायचा. एकाच तोंडात ही दोन 'निरोप घेणं' सुखानं नांदत होती. दोन सवती एका घरात असाव्यात आणि भांडण होऊ नये, तशी. एक दिवस व्हायचंच होतं.

*

काजवाली ही शर्टांच्या कारखान्यात काजं करणारी मुलगी. दिवसभर मशीनवर बटणांची भोकं पाडायची. मूळची पलीकडची. तिची आई तिकडे बटणांचं दुकान चालवायची. एकटीनं, नवऱ्यामागे, ताठ मानेनं. काजवालीनं इथल्या एका वायरमनशी लग्न लावलं, आईला न सांगता म्हातारीत बसून निघून आली, आणि आईनं दार लावून घेतलं. आई बटणं विकते, मुलगी काजं करते आणि दोघींचं जुळत नाही, हा विनोद वहिनीनंच बोटीवर केला होता. पुढे तोही तिला महागात पडला. पण त्याआधी बाकीचं.

काजवालीला मुलगी झाली. झाली आणि तिला आई आठवायला लागली. सगळ्यांचं तसंच असतं. ती वहिनीकडे आली, तान्हीला खांद्यावर टाकून, आणि म्हणाली, "एवढंच सांगा. आई, येऊ का?"

"एवढंच?" वहिनी म्हणाली. "अगं, मुलगी झाल्याचं सांगू की."

"नको. ते सांगितलं तर नातीसाठी हो म्हणेल. मला माझ्यासाठी हो हवंय."

वहिनीनं निरोप नेला. दुकान अरुंद, भिंतीभर खण, खणाखणावर एकेक बटण शिवून ठेवलेलं. बटणवाल्या बाईंनी निरोप ऐकला, गिऱ्हाइकाला बटणं मोजून दिली, गिऱ्हाईक गेलं.

"निरोप घेतलात ना?" वहिनीनं विचारलं.

"नाही घेतला. परत न्या."

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. लोक रागानं घेत, रडत घेत, पण घेत. वहिनी परत आली, जाळीपाशी काजवाली उभी होती, तिनं लांबूनच ओरडून विचारलं, "घेतला?" वहिनीनं मान हलवली.

मग हे दर फेरीला सुरू झालं. तिकडे "नाही घेतला, परत न्या". इकडे संध्याकाळी कारखाना सुटला की काजवाली जाळीशी. "घेतला?" "नाही गं." धक्क्यावरच्या हमालांनाही पाठ झालं. ते आधीच ओरडायचे, "नाही घेतला!" आणि काजवाली त्यांना तिथल्या तिथे शिव्या घालायची. त्या मुलीचा जीव त्या एका शब्दात अडकला होता. वायरमन समजूतदार माणूस होता, तो म्हणायचा, आपण सरळ जाऊ, दार वाजवू. ती म्हणायची, "बिनबोलावता एकदा निघून आले, आता बिनबोलावता परत जाणार नाही."

एका फेरीला बटणवाल्या बाई वेगळ्याच रंगात होत्या. वहिनी दारात दिसताच म्हणाल्या, "आलात? या. आज माझाच निरोप न्यायचाय तुम्हाला."

वहिनी खूश झाली. पुढे सरसावली.

"तिला सांगा, आई मेली म्हणून."

वहिनी हसली. तिची ती वाईट खोड.

"हसू नका. तोच निरोप आहे. शब्दाला शब्द. आणि काय हो, तुम्ही सगळ्यांना विचारता ना?" बाई काउंटरवर वाकून म्हणाल्या, "निरोप घेतलात ना?"

इतक्या वर्षांची सवय. वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "घेतला."

तो निरोप तिनं घेतला आणि पोचवला नाही. जाळीपाशी येऊन म्हणाली, "अजून राग आहे गं. वितळेल." काजवालीनं मान डोलावली. वहिनी त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही. दादा म्हणाला, "बोटीवर मेजवानी झाली वाटतं."

त्याच्या पुढच्या फेरीला बटणांचं दुकान बंद होतं. शेजारी एक घड्याळजी बसायचा. डोळ्याला भिंग लावलेलं, ते न काढताच त्यानं वर बघितलं. "बाई आज सकाळी गेल्या. शटर वर करताना. अर्धं वर गेलं नि त्या खाली आल्या." मग भिंग काढून म्हणाला, "त्यांच्या मुलीला कळवाल ना? तुम्हीच जाता-येता."

आता परतीच्या दिवसाची संध्याकाळ. धक्क्यावर माल उतरत होता, साखळ्या खणखणत होत्या, म्हातारीचा भोंगा मध्येच बोंबलत होता. जाळीपलीकडे काजवाली. हमाल ओरडले, "नाही घेतला!" वहिनीनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती जाळीपर्यंत आली, तिनं जाळीत बोटं अडकवली आणि ज्या शब्दात बोटीवर हे सांगतात त्याच शब्दात, जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं.

"घेतला गं. आईनं निरोप घेतला."

काजवालीनं दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती मटकन खाली बसली. रडायला लागली. वहिनीही रडली. रडणं सुखाचं की दुःखाचं, ते जाळीतून कळत नाही.

"कधी?" मुलीनं विचारलं.

"परवा सकाळी."

"काही म्हणाली?"

"नाही गं. वेळच मिळाला नाही तिला."

"दुकानात गर्दी असेल," असं मुलगी पुटपुटली. भोंग्यात वहिनीला ते ऐकूच आलं नाही. "मी पुढच्या फेरीला जाते, वहिनी! तान्हीला घेऊन जाते!"

"जा बाई. जायलाच हवं."

आता सांगा, यात खोटं काय होतं? एक शब्द खोटा नव्हता.

*

पुढच्या फेरीला काजवाली बोटीवर चढली ती नवा फ्रॉक घातलेली मुलगी काखेत आणि एक पुठ्ठ्याचा खोका हातात घेऊन. चढताना हमालांना म्हणाली, "ओरडा आता! घेतला म्हणून ओरडा!" आणि ते ओरडले. वहिनीला वाटलं, हमालांना काही लाजलज्जा नाही. मुलीला काय झालंय ते मात्र तिला कळेना. दुःखानं भ्रमली की काय?

काजवाली सरळ कँटीनपाशी आली, खोका ओट्यावर ठेवून झाकण उघडलं. आत एक गाऊन. करडा, साधा, काजं अशी रेखीव की दुकानात मिळायची नाहीत.

"आईला आहे. बटणं लावली नाहीत मुद्दाम. बटणं तिच्या दुकानातली तिनं निवडायची. मापं जुनी होती माझ्याकडे, म्हणून बाजूला भरपूर माया ठेवलीय. जाड झाली असेल तर उसवून सोडता येईल. कशी दिसते हो आता?"

वहिनीच्या हातात उकळता चहा होता. तो तसाच धरून ती उभी राहिली. तिला त्या घडीला सगळं कळलं. जाळी, भोंगा, परवा सकाळी, सगळं. तिनं तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "केस पिकले होते."

"होते म्हणजे? आता रंगवले की काय?" काजवाली खळखळून हसली. तिच्याबरोबर रांगेतला एक चष्मे विकणारा फिरस्ताही हसला आणि म्हणाला, "आज हिच्या आईनं बोलावलंय, वहिनी, आजचा चहा तुमच्याकडून!"

वहिनीनं स्टोव्ह बारीक केला आणि ती कप्तानाकडे गेली. एका श्वासात सांगितलं त्याला सगळं. कप्तान वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं.

"बोटीवर नको, वहिनी."

"अहो, ती गाऊन घेऊन आलीय."

"मागे तो गुरांचा दलाल आठवतो? भावाची बातमी कुणीतरी बोटीवर सांगितली नि कठड्यावरून गेला तो. आणि हिच्या काखेत तान्हं आहे. उतरल्यावर सांगा. जमिनीवर माणसाला निदान खाली बसता तरी येतं."

"संध्याकाळपर्यंत काय करू मी?"

"चहा करा," कप्तान म्हणाला.

तिनं चहा केला. दिवसभर तिनं त्या मुलीला चहा दिला. मागितला तरी दिला, नाही मागितला तरी दिला. तान्ही पेंगली तर साखरेच्या पोत्यांवर तिची झोपायची सोय केली, आत्याबाईसारखी. काजवाली कठड्याशी उभी राहून पोरीला किनारा दाखवत होती. "ते मीठ बघ. ते धुरांडं बघ. मी आले ना, तेव्हा हे सगळं उलटं बघितलं होतं." चुन्याचा खडक आला तेव्हा तिनं पोरीचा हात धरून त्याला टाटा केला. लोक तिच्याभोवती जमत होते. आनंदी माणूस बोटीवर विरळा. बहुतेकांना उलट्या होत असतात. एक बाई म्हणाली, "आईचा राग तो! वाऱ्यावरची वरात." चष्मेवाला म्हणाला, "आईला एक चष्मा घेऊन जा, नात नीट दिसेल."

दुपारी एकदा वहिनीनं धीर केला. ओटा ओलांडून बाहेर आली, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, ऐक. तू मनाची तयारी ठेव."

"कशाची?"

"म्हणजे, कधी कधी आपण जातो नि..."

"नि ती रागावते? रागावू दे. चार शिव्या घालू दे. मी येतानाच ठरवलंय, वहिनी, आज उलटून बोलायचं नाही. निरोप घेतला ना तिनं? बस. बाकी सगळं सोसेन." आणि तिनं वहिनीचा हात आपल्या खांद्यावरच दाबून धरला. "तुमच्यामुळे झालं हे."

वहिनी परत सांदडीत गेली.

सूर्य कलला. म्हातारी धक्क्याला लागली. वहिनीनं ठरवलं होतं, कस्टमच्या दारातून बाहेर पडल्या पडल्या सांगायचं, तिथे एक बाक आहे, तिथे बसवून. पण प्रवाशांची रांग वेगळी, बोटीच्या माणसांची वेगळी. प्रवाशांना त्या दिवशी पटापट सोडलं. वहिनीच्या रांगेतल्या साहेबाला मात्र तिच्या चहाच्या डब्यांत रस आला. एकेक डबा उघडून तो सळईनं ढोसत बसला. वहिनी म्हणाली, "साहेब, सगळे ठेवून घ्या, मला जाऊ द्या." त्यामुळे त्याचा संशय जास्तच वाढला.

ती धापा टाकत गल्लीत पोचली तेव्हा घड्याळजी बाहेर उभा होता, भिंग कपाळावर. बंद शटरच्या पायरीवर काजवाली बसली होती. मांडीवर खोका, खोक्यावर पोर.

"मी सांगितलं," घड्याळजी म्हणाला. "मला वाटलं, माहीत असेल. तुम्ही कळवलं नाहीत?"

मग काजवालीनं वर बघितलं. आवाज साधा होता, चढलेला नाही.

"दिवसभर चहा पाजलात मला."

वहिनीला सांगायचं होतं की कप्तान म्हणाला, आणि बोटीवर तसंच म्हणतात, आणि जाळीपाशी भोंगा वाजत होता. सगळं खरं होतं आणि त्यातलं काही त्या पायरीवर बोलण्याजोगं नव्हतं.

"माझा निरोप तिनं घेतला होता का? आधी? कधीतरी?"

"नाही."

"शेवटच्या वेळी काय म्हणाली?"

आई मेली म्हणून सांगा, असं म्हणाली होती. वहिनीच्या जिभेवर ते होतं. तिनं गिळलं.

"काही नाही म्हणाली."

परतीच्या बोटीवर काजवाली कँटीनकडे पाठ करून बसली होती. इथे उतरली तेव्हा हमाल ओरडणार होते, पण तिचं तोंड बघून गप्प बसले. गप्प फक्त तेवढ्यापुरते. आठवड्याभरात दोन्ही धक्क्यांवर तो विनोद झाला. कुणाचा कुत्रा मेला, निरोप घेतला. कुणाची छत्री हरवली, छत्रीनं निरोप घेतला. आई बटणं विकते आणि मुलगी काजं करते, तेही लोकांनी उकरून काढलं आणि वहिनीच्या तोंडावर फेकलं. निरोप सांगायला येणारे आधी कमी झाले, मग थांबले. चहा घ्यायचे, साखर सांगायचे, बोलायचे नाहीत. दादा म्हणाला, "टपाल पेटीला कुलूप लागलं का?" त्या रात्री वहिनी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. उशीर झाला होता, पण ओरडली.

काही वर्षांनी दोन्ही सरकारांनी मिळून बोटच बंद केली. म्हातारीला भंगारवाल्यांनी ओढून नेलं. दादा गेला. वहिनी खोलीत बसून राहू लागली.

काजवालीनं मात्र दुकान काढलं, कपडे बारीक-मोठे करून देण्याचं, वहिनीच्याच गल्लीच्या तोंडाशी. दुसरीकडे जागा मिळाली नसेल. वहिनी बाजारात जायला लांबचा रस्ता घ्यायची. आणि काजवाली येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगायची, "त्या बाईनं माझा निरोप पोचवलाच नसणार. चहा विकून घरी यायची नि सांगायची, नाही घेतला. नाहीतर आई नाही म्हणणारी नव्हती. माझी आई होती ती, मला माहीत आहे." गल्लीनं ते खरं मानलं. वहिनीच्या कानावर यायचंच ते, आणि त्यावर ती हसायची.

*

आता पुन्हा तू. लोक म्हणतील, केवढं मोठं मन, मुलीला आईबद्दल वाईट वाटू नये म्हणून बदनामी सोसली. मी नाही म्हणत. तू भित्री होतीस, वहिनी. एका वाक्यानं सुटली असतीस. त्या मुलीनं चार दिवस रडून घेतलं असतं, आईला शिव्या घातल्या असत्या आणि तीही सुटली असती. त्याऐवजी ती अजून मापं घेतेय आणि अजून तेच सांगतेय. परवा माझ्या ब्लाउजची बाही घेताना मलाही सांगितलं. मी तुझी कोण, ते तिला माहीत नाही.

तू मला बटणवाल्या बाईंचे शब्द सांगितलेस तेव्हा अंथरुणाला खिळायला तुला अजून अवकाश होता. मी तुझ्या दारात उभी होते, जायला निघालेली. तू एकदम बोललीस, आणि बोलून झाल्यावर म्हणालीस, "मला तिला सांगायचंय. पण एकटीला जमणार नाही. तू चल."

"चल," मी म्हणाले. "आत्ता."

"आज तिचं बंद असेल."

"उघडं आहे. बघून आले येताना."

"गिऱ्हाईक असेल गं."

"बसू की बाकावर. गिऱ्हाईक काय रात्रभर राहायला येतं?"

"केस बघ माझे. विंचरते नि येते."

तू आत गेलीस. केस विंचरलेस, पातळ बदललंस. बाहेर येऊन चपला शोधल्यास, एक सापडली, दुसरी खाटेखाली होती, ती मी काढून दिली. दोन्ही घालून तू उंबरठ्यापाशी आलीस, कोपऱ्यावरच्या दुकानाकडे बघितलंस. दिवा लागला होता. ती मशीनवर वाकलेली दिसत होती.

"तिला सांगताना पहिला शब्द कुठला वापरू?" तू विचारलंस.

"कुठलाही. नुसतं बोल."

तू तशीच उभी राहिलीस. माझा स्वयंपाक व्हायचा होता, माझं घड्याळाकडे लक्ष होतं, पण मी थांबले होते. मग तू वाकून चपला काढल्यास आणि भिंतीशी जोडीनं नीट लावून ठेवल्यास.

"उद्या जाऊ," म्हणालीस.